दम, गडी आणि गुण : कबड्डीतील पिढ्यांच्या तुलनेचा अर्थविचार

पेण आणि रोहा ह्या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांत भातकापणी आटोपून खळी रिकामी झाली, म्हणजे कबड्डीच्या सामन्यांचे दिवस सुरू होतात. गावोगावच्या मैदानांवर माती भिजवून, चोपून, आखून तयार केली जाते. रात्री दिव्यांच्या प्रकाशात सामने चालतात. आणि क्रीडांगणाच्या कडेला एक वाद हटकून ऐकू येतो. पूर्वीचे गडी थोर की आताचे? वयस्क प्रेक्षक मातीवरच्या एखाद्या जुन्या चढाईचे वर्णन करतो. तरुण त्याला दूरदर्शन-पडद्यावरील व्यावसायिक स्पर्धेतील आकडे ऐकवतो. दोघेही 'चढाई', 'पकड', 'दम', 'गुण' हेच शब्द वापरतात आणि दोघांनाही वाटते की, आपण एकाच गोष्टीविषयी बोलत आहोत.

ह्या वादाचा निकाल लावणे हे भाषाशास्त्राचे काम नव्हे. परंतु वाद सुटत का नाही, ह्याचे एक कारण मात्र भाषेच्या कक्षेत येते. खेळाचे नियम बदलले तरी खेळाचे शब्द पुष्कळसे तेच राहिले. आणि शब्द तेच राहिल्यामुळे आशय बदलला आहे हे बोलणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. पेण हे गणेशमूर्तींचे गाव. तेथील कारागिराला हे उदाहरण लगेच पटेल: साचा तोच असतो, पण त्यात शाडू घातला की प्लास्टर, ह्यावर मूर्तीचे वजन ठरते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मूर्ती सारख्याच दिसतात.

प्रथम ह्या भागातील बोलीचा एक विशेष पाहणे उपयुक्त होईल. पेण, अलिबाग व रोहा ह्या पट्ट्यातील आगरी बोलीत दोन स्वरांमधील मूर्धन्य 'ड' चा उच्चार 'र' होतो. घोडा हा 'घोरा' होतो, गाडी ही 'गारी' होते. त्याचबरोबर 'ळ' च्या जागी 'ल' व 'ण' च्या जागी 'न' येतो. ग्रियर्सन ह्यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणातील बोलींच्या वर्णनात ही ध्वनिप्रवृत्ती तेथेही नोंदलेली आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले. बोलीने मात्र आपली ही लकब सोडलेली नाही. ह्या नियमानुसार 'गडी' चा 'गरी' होतो आणि 'पकड' ची 'पकर' होते. 'कबड्डी' हा शब्द मात्र ह्या नियमाच्या तावडीत सापडत नाही, कारण त्यातील 'ड्ड' हे द्वित्त आहे आणि द्वित्ताला हा विकार होत नाही. एकाच वाक्यात 'गरी' आणि 'कबड्डी' हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. ध्वनिनियम लागू न पडल्यामुळे एखादा शब्द परका ठरतो, असे अर्थातच म्हणता येणार नाही; परंतु येथे इतिहासही त्याच दिशेने बोट दाखवतो. महाराष्ट्रात ह्या खेळाचे प्रचलित नाव 'हुतूतू' असे होते. बंगालमध्ये त्याला 'हाडुडु' म्हणत, तमिळनाडूत 'सडुगुडु'. ही सारी नावे म्हणजे दम घेऊन गेलेल्या गड्याच्या तोंडून निघणाऱ्या अखंड ध्वनीचीच नावे आहेत. खेळाला त्याच्या उच्चारावरून नाव पडावे, ही गोष्ट जगातील खेळांत विरळाच म्हणावी लागेल.

नाव एक झाले ते नियम एक करण्याच्या ओघात. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम ठरवून स्पर्धा भरविल्या. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथे भारतीय खेळांची जी प्रात्यक्षिके केली, त्यांत हा खेळही होता. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९५२ मध्ये मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कलकत्ता येथे झाली. अखिल भारतीय स्पर्धा भरवावयाची तर मराठी, बंगाली आणि तमिळ खेळाडूंना एका नियमावलीखाली आणणे भाग होते. त्यातून 'कबड्डी' हे नाव सर्वत्र रूढ झाले आणि 'हुतूतू' हा शब्द हळूहळू आठवणींच्या व शालेय पुस्तकांच्या आश्रयाला गेला.

परंतु नावाच्या एकीकरणापेक्षा महत्त्वाचे आहे ते प्रकारांचे एकीकरण. जुन्या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार सांगितले जात. संजीवनीत बाद झालेला गडी आपल्या बाजूने प्रतिपक्षाचा गडी बाद केला की पुन्हा खेळात येतो. शुक्राचार्यांच्या विद्येचे नाव त्याला साजेसेच आहे. गामिनीत एकदा बाद झालेला गडी सगळी बाजू बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमर प्रकारात कोणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजले जातात. आज जी कबड्डी सर्वत्र खेळली जाते ती संजीवनी प्रकारची आहे.

हे तीन प्रकार म्हणजे केवळ तीन नियमावल्या नव्हेत. थोरपणाच्या त्या तीन निरनिराळ्या कल्पना आहेत. गामिनीत सर्वांत मोठा गडी कोण? जो शेवटपर्यंत जिवंत राहतो तो. सहकारी एकामागून एक बाहेर बसले आहेत, परत येण्याची सोय नाही, आणि एकटा गडी प्रतिपक्षाच्या साऱ्या बाजूला तोंड देत आहे, अशा प्रसंगी काही न मिळविता नुसते टिकून राहणे हाही पराक्रम असतो. संजीवनीत असे नुसते टिकणे पुरत नाही. तेथे जो सहकाऱ्यांना उठवून आणतो तो मोठा. अमर प्रकारात ह्यांपैकी काहीच शिल्लक राहत नाही आणि मोठेपण बेरजेवर येते. आता एखादा वयस्क प्रेक्षक सांगतो की, अमुक गडी 'मरायचा नाही', तेव्हा त्या क्रियापदात गामिनीचा अर्थ आहे की संजीवनीचा, हे विचारल्याशिवाय त्या स्तुतीचे मोल कळणार नाही. खेड्यातील मैदानावर गडी 'मरतो' आणि 'उठतो'. नियमपुस्तकात तो 'बाद' होतो आणि 'परत येतो'. पडद्यावरील समालोचनात तो 'आउट' होतो आणि 'रिव्हाइव्ह' होतो. मरण्या-उठण्याची ही भाषा कोणी अलंकार म्हणून योजलेली नाही. ती त्या खेळाची परिभाषाच आहे.

सोस्यूर ह्यांच्या व्याख्यानांवरून त्यांच्या निधनानंतर १९१६ मध्ये सिद्ध झालेल्या ग्रंथात बुद्धिबळाचा दृष्टांत आलेला आहे. प्याद्याचे मोल त्याच्या लाकडात नसते. पटावरील इतर मोहऱ्यांशी असलेल्या संबंधात असते. विद्यार्थ्यांना हा दृष्टांत पाठ असतो, पण भाषेबाहेर तो लावून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. कबड्डीतील 'चढाई' हे असेच मोहरे आहे. नियमांचा पट बदलला की तिचे मोल बदलते, लाकूड तेच राहिले तरी.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण 'दम' हे होय. हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ श्वास. संस्कृतातील आत्मनिग्रहवाचक 'दम' हा शब्द वेगळा. परंतु उच्चारसाम्यामुळे दोहोंच्या छटा एकमेकींत मिसळल्या आहेत, असे मानावयास जागा आहे. मराठीत दम लागतो, दम सुटतो, दम धरवत नाही, दम दिला जातो, आणि एखाद्या माणसात दम असतो. श्वास, धीर, धमकी आणि कर्तबगारी एवढा पल्ला ह्या एका अक्षरद्वयाने गाठला आहे. जुन्या खेळात ह्यांपैकी पहिलाच अर्थ प्रधान होता. चढाईची मर्यादा घड्याळाने ठरत नसे, फुप्फुसाने ठरत असे. ज्याचा श्वास लांब, त्याची चढाई लांब. तो प्रतिपक्षाच्या अंगणात हवा तेवढा काळ हिंडू शके, गड्यांना दमवू शके, एखादा कंटाळून पुढे येण्याची वाट पाहू शके. 'त्याचा दम मोठा' हे वाक्य त्या काळी मोजमापाचे वाक्य होते.

पुढे चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार आजही अखंड करावा लागतो आणि तो तुटला तर पंच चढाई करणाऱ्याला बाद देतो. नियम म्हणून दम शाबूत आहे. तथापि तीस सेकंद हा उच्चार करणे हे कसलेल्या खेळाडूला अवघड नाही. म्हणजे जो गुण पूर्वी एका गड्याला दुसऱ्यापासून वेगळा काढीत असे, तो आता सर्वांकडे असलाच पाहिजे अशी किमान अट झाला. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर दम हा पूर्वी व्यवच्छेदक होता, आता तो व्यवच्छेदक राहिला नाही. ध्वनी उरला, विरोध गेला. (इंग्रजी नियमावलीत ह्या उच्चाराला जो शब्द योजला आहे त्याचा एक अर्थ भिकाऱ्यांची किंवा चोरांची सांकेतिक बोली असा होतो, शब्द निवडणाऱ्याला बहुधा त्याची कल्पना नसावी.) आजचा तरुण 'त्याच्यात दम आहे' असे म्हणतो तेव्हा त्याला धाडस आणि कर्तबगारी अभिप्रेत असते. आजोबा 'त्याला दम होता' म्हणतात तेव्हा त्यांना श्वास अभिप्रेत असतो. नातवाला वाटते की आजोबा मोघम बोलत आहेत. वस्तुतः त्या दोघांत मोघम बोलणारा आजोबा नव्हे.

दमाइतकीच वाताहत 'गुण' ह्या शब्दाची झाली आहे, आणि तिचे परिणाम अधिक दूरगामी आहेत. मराठीत गुण म्हणजे अंगचा चांगुलपणा, आणि गुण म्हणजे परीक्षेत किंवा खेळात मिळणारा अंक. इतर पुष्कळ भाषांत ह्या दोन अर्थांना दोन शब्द आहेत. मराठीत एकच असल्यामुळे पहिल्याचा पुरावा म्हणून दुसरा पुढे करण्याचा मोह अनावर होतो: ज्याचे गुण अधिक तो अधिक गुणी.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. आठ संघ होते. त्या दिवसापासून प्रत्येक चढाई, प्रत्येक पकड आणि प्रत्येक बोनस गुण खेळाडूच्या नावावर जमा होऊ लागला. पहिल्या हंगामात अनुप कुमार ह्याने १६ सामन्यांत चढायांचे १५५ गुण मिळविले. २०१७ मध्ये संघांची संख्या बारा झाली आणि त्या हंगामात प्रदीप नरवाल ह्याने २६ सामन्यांत ३६९ गुण मिळविले. त्याच हंगामात हरियाणाविरुद्धच्या एका सामन्यात त्याने ३४ गुण घेतले. २०१९ मध्ये पवन सेहरावत ह्याने, तेही हरियाणाविरुद्धच, एका सामन्यात ३९ गुण घेऊन तो आकडा मागे टाकला. प्रदीप नरवाल २०२५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा चढायांचे १,८०१ गुण त्याच्या नावावर जमा होते.

हे आकडे खरे आहेत आणि ते मिळविणारे खेळाडू निःसंशय थोर आहेत. परंतु एका हंगामातील १५५ आणि दुसऱ्यातील ३६९ ही तुलना करताना प्रथम सामन्यांची संख्या पाहावी लागते. दर सामन्याचा हिशेब केला तर सुमारे ९.७ आणि १४.२ असे आकडे येतात. अडीचपटीचे अंतर दीडपटीवर उतरते. ही झाली एकाच स्पर्धेतील, तीन वर्षांच्या अंतरातील गोष्ट. लीगपूर्व काळाकडे वळले की ह्याहून मोठी अडचण उभी राहते. लीगच्या नियमांत दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळविलाच पाहिजे, नाही तर चढाई करणारा बाद होतो. बचाव करणारे तीन किंवा त्याहून कमी उरले असता त्यांनी पकड केली तर त्यांना एक गुण अधिक मिळतो. हे नियम प्रेक्षकांचा कंटाळा घालविण्यासाठी आहेत आणि ते आपले काम चोख करतात. पण त्यांमुळे निष्फळ चढाईचा अर्थच पालटला. पूर्वी आघाडीवर असलेल्या संघाचा जाणता गडी काही न घेता, काही न देता, मध्यरेषेवर परत येई आणि प्रेक्षक त्याला शाबासकी देत, कारण वेळ काढणे हेही कौशल्य होते. आजच्या गुणपत्रकात त्याच चढाईपुढे शून्य लिहिले जाते, आणि अशी तिसरी असेल तर ते शून्य संघाला महागात पडते.

बास्केटबॉलच्या अमेरिकन व्यावसायिक स्पर्धेचे उदाहरण येथे ताडून पाहण्याजोगे आहे, कारण तेथे आकड्यांची परंपरा जुनी आणि दाट आहे. विल्ट चेंबरलेन ह्याने २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात १०० गुण केले. तीन गुणांची रेषा त्या स्पर्धेत १९७९–८० च्या हंगामापासून आली. म्हणजे त्याच्या काळी दूरवरून केलेल्या अचूक फेकीलाही दोनच गुण होते. बिल रसेल ह्याने १९५७ ते १९६९ ह्या तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळविली, आणि तो ओळखला जाई तो मुख्यतः प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच अडविण्यासाठी. परंतु अडविलेल्या फेकींची अधिकृत नोंद सुरू झाली ती १९७३–७४ मध्ये. ज्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या कामाचा त्याच्या नावावर एकही आकडा नाही. पुढे मायकेल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स ह्यांच्याशी त्याची तुलना चालते तेव्हा हे रिकामे रकाने कोणी लक्षात घेत नाही. पेण-रोह्याच्या मैदानावरचा मातीतला पकडपटू आणि बोस्टनचा रसेल ह्यांची जात ह्या एका बाबतीत एकच.

'पकडपटू' हा शब्द वर सहज वापरला गेला. तोही तपासून पाहावा लागेल. जुन्या बोलण्यात संघातील प्रत्येक जण 'गडी' असे. गडी म्हणजे कामकरी पुरुष, शेतावरचा माणूस, आणि खेळातला भिडू. शब्दातच समानता होती: गडी चढाईला जाई आणि परत आल्यावर साखळीत उभा राही. विशेष सांगावयाचा झाल्यास क्रियेवरून सांगत: चढाईला जाणारा, घोटा धरणारा, पट काढणारा. ह्या धातुसाधितांत माणूस क्रियेपुरता असतो. 'चढाईपटू', 'बचावपटू', 'कोपरारक्षक' ही नामे वेगळ्या प्रकारची आहेत. ती क्रिया सांगत नाहीत, हुद्दा सांगतात. आणि हुद्दे वाटले गेल्यानंतरच 'अष्टपैलू' ह्या शब्दाची गरज पडते. जो काळ सर्वांनाच सर्व कामे करावयास लावीत होता, त्या काळातील कोणालाही अष्टपैलू म्हटलेले आढळत नाही. त्यावरून जुन्या संघांत अष्टपैलू खेळाडू नव्हते असा निष्कर्ष काढणे म्हणजे, ज्या भाषेत 'निरामिष' हा शब्द नाही तेथे सारेच मांसाहारी असले पाहिजेत, असे म्हणण्यासारखे होईल. 'गडी' गेला आणि 'पटू' आला, ह्यात केवळ ग्राम्य शब्द जाऊन शिष्ट शब्द आला असे नाही, श्रमविभागणी आली.

'लोण' ह्या शब्दाची कथा थोडक्यात सांगता येईल. सगळी बाजू बाद केली की लोण होतो आणि दोन गुण अधिक मिळतात. आट्यापाट्यांतही लोण आहे. म्हणजे हा शब्द मराठी मैदानी खेळांच्या सामायिक भांडारातला. तो 'लोना' होऊन इंग्रजी नियमावलीत गेला आणि जगभर पोहोचला. इकडे महाराष्ट्रात मात्र लहान मुले 'ऑल आउट' म्हणू लागली आहेत.

मातीची जागा मॅटने घेतली ह्याचा खेळावरील परिणाम सर्वज्ञात आहे. अनवाणी पाय मातीत रुतवून धरलेला घोटा आणि बूट घालून मॅटवर धरलेला घोटा ह्या दोन निराळ्या पकडी आहेत. मराठीत त्यांना नाव एकच आहे.

ह्या सर्वांहून अधिक घोटाळा माजविणारा शब्द म्हणजे 'व्यावसायिक'. महाराष्ट्रातील स्पर्धांत 'व्यावसायिक गट' हा फार पूर्वीपासून आहे. त्याचा अर्थ, बँका, रेल्वे, पोलीस, कारखाने इत्यादी आस्थापनांच्या संघांचा गट. अशा संघातील खेळाडू त्या आस्थापनेत नोकरीला असे. कबड्डीने त्याला नोकरी दिली, पण पगार त्या नोकरीचा असे, कबड्डीचा नसे. आणि ज्या राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली हे व्यावसायिक खेळत, तिच्या इंग्रजी नावात १९७२ पासून 'हौशी' ह्या अर्थाचा शब्द होता. हौशी संघटनेतील व्यावसायिक, असा हा प्रकार होता आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नसे. २०१४ नंतर व्यावसायिक म्हणजे लिलावात ज्याची बोली लागते तो. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमार ह्याच्यावर लागली, ती १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ मध्ये पवन सेहरावत ह्याच्यावर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. नऊ वर्षांत वीसपट झालेल्या ह्या आकड्याने बाजार मोजला जातो. चढाई वीसपट चांगली झाली, असे कोणीही म्हणणार नाही. पण 'व्यावसायिक खेळाडूंची तुलना' असे शीर्षक दिले की १९७२ मध्ये कबड्डीसाठी अर्जुन पुरस्कार मिळविणारे सदानंद शेट्ये आणि १९९४ चे मानकरी राजू भावसार व अशोक शिंदे हे त्या शीर्षकात बसतात की नाही, हे शब्दाच्या कोणत्या अर्थाने वाचावयाचे ह्यावर अवलंबून राहते. अशोक शिंदे हे १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या संघात होते. कबड्डीला त्या स्पर्धांत प्रथम स्थान मिळाले ते तेव्हाच. त्या संघातील एकाही खेळाडूच्या साऱ्या कारकिर्दीतील चढायांची बेरीज आज मांडता येत नाही.

येथे असा आक्षेप येईल की, हा शेवटी जुन्या आणि नव्या काळातील फरक आहे. जुन्यांची नोंद नाही, नव्यांची आहे, एवढेच. परंतु हे खरे नाही, आणि स्त्रियांच्या कबड्डीकडे पाहिले की ते लगेच उघड होते. अभिलाषा म्हात्रे २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होती. २०१५ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. पुरुषांच्या लीगमध्ये ज्या वर्षांत आकड्यांचे डोंगर रचले जात होते, त्याच वर्षांत ती खेळत होती. स्त्रियांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा लीगच्या जोडीने झाली, तीत एका संघाचे नेतृत्व तिच्याकडे होते. ती स्पर्धा पुढे चालू राहिली नाही. त्यामुळे राकेश कुमार आणि अभिलाषा म्हात्रे हे एकाच पिढीचे, एकाच इंचॉनमधून सुवर्णपदक घेऊन परतलेले खेळाडू असूनही, एकाच्या नावावर गुणांचा तक्ता आहे आणि दुसरीच्या नावावर जवळजवळ नाही. तेव्हा तक्ता असणे-नसणे ही गोष्ट पिढीची नाही, कोणी मोजावयाचे ठरविले ह्याची आहे. रायगडच्या गावोगावी मुलींचे संघ खेळतात; त्यांच्या थोर खेळाडूंची आठवणही अद्याप तोंडी वर्णनावरच उभी आहे.

मग तुलना करूच नये काय? तुलनात्मक भाषाशास्त्राचा अनुभव असे सांगतो की, वेगवेगळ्या काळांतील रूपांची तुलना शक्य आहे. फक्त ती दिसण्यातील सारखेपणावरून करावयाची नसते. दोन भाषांतील दोन शब्द सारखे दिसतात म्हणून ते सजातीय ठरत नाहीत. प्रत्येकाचे आपापल्या व्यवस्थेतील स्थान पाहून, त्या स्थानांमधील नियमित संवाद शोधावा लागतो. कबड्डीत ह्याचा अर्थ असा की, प्रदीप नरवालच्या ३६९ गुणांची तुलना जुन्या गड्याच्या आठवणीतील गुणांशी करू नये. नरवाल आपल्या हंगामातील इतर चढाईपटूंच्या किती पुढे होता, हे पाहावे; जुना गडी आपल्या समकालीनांच्या किती पुढे होता, हे पाहावे; आणि मग त्या दोन अंतरांची तुलना करावी. पहिले अंतर तक्त्यातून निघते. दुसरे अंतर काढण्यासाठी मात्र साक्षीदारांच्या बोलण्याखेरीज साधन नाही.

ह्या कामी एक वर्ग विशेष उपयोगी पडेल. दोन भाषांच्या सीमेवर जसे द्विभाषिक असतात, तसे दोन्ही नियमव्यवस्थांत खेळलेले काही खेळाडू आहेत. राकेश कुमार, अनुप कुमार, अजय ठाकूर हे लीग सुरू होण्यापूर्वीच नावारूपाला आलेले होते आणि लीगमध्येही चमकले. अनुप कुमार बोनस घेण्यात आणि पायाच्या अंगठ्याने गडी टिपण्यात वाकबगार होता. अंगावर येणाऱ्या धडाकेबाज चढाईपेक्षा हा जुना, संयमी ढंग होता, आणि तो नव्या नियमांतही फळाला आला. नव्या व्यवस्थेत जुन्याचे काय टिकले आणि काय टिकले नाही, ह्याचा पुरावा अशा खेळाडूंच्या दोन्ही कालखंडांतील खेळात आहे. गावपातळीवरही असे द्विभाषिक असतातच. मातीत सुरुवात करून मॅटवर संपलेले खेळाडू आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, आणि त्यांना 'दम' चे दोन्ही अर्थ ठाऊक आहेत.

त्यांच्या आधीच्या पिढीजवळ फक्त पहिला अर्थ आहे, आणि घाई करावयाची ती त्यांच्यासाठी. जुन्या गड्याचा तक्ता नाही ही उणीव एक वेळ सोसता येईल. परंतु त्याचे वर्णन ज्या शब्दांत केले जात होते, ते शब्द समजेनासे झाले तर तो केवळ न मोजलेला राहत नाही, अवर्णनीय होतो. रायगडात एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने खेळाच्या परिभाषेचा संग्रह हाती घेतला, तर शब्द आणि अर्थ एवढ्या दोन रकान्यांवर त्याने थांबू नये. शब्द कोणत्या प्रकारच्या खेळातला, संजीवनीतला की गामिनीतला. बाजूला गडी नऊ होते की सात. चढाईवर घड्याळ होते की नव्हते. मैदान मातीचे की मॅटचे. आणि उच्चार 'पकड' होता की 'पकर', हे प्रत्येक नोंदीपुढे यावयास हवे. शेवटचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटेल. परंतु 'गरी मरायचा नाय' हे वाक्य संग्राहकाने शिष्ट भाषेत शुद्ध करून 'खेळाडू बाद होत नसे' असे लिहिले, तर 'गरी' बरोबर साखळीत उभा राहणारा आणि चढाईलाही जाणारा माणूस गेला, आणि 'मरायचा नाय' बरोबर गामिनी गेली.